तेरणेकाठून पन्नास हजार वर्षं मागे

भूम तालुक्यातल्या एखाद्या खवा भट्टीसमोर उभे राहा. सकाळचं दूध गोळा झालंय. कढईतलं पाणी आटत आलंय आणि भट्टीवाला लोखंडी उलथन्यानं तळ सोडवत राहिलाय, कारण हात जरा थांबला की खवा करपतो. तो तुमच्या तळहातावर लिंबाएवढा गोळा ठेवतो. गरम आहे, रवाळ आहे. खा. आणखी घ्या, चांगला पोटभर खा आणि मग तास-दोन तास पोटाकडे लक्ष ठेवा.

दूध आटवलं की पाणी जातं, पण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खव्यात राहतं. ते फोडायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते असतंच. अंगावरचं दूध सुटलं की ते बनवणारं जनुक हळूहळू थंडावतं, आणि जगातल्या निम्म्याहून जास्त प्रौढांचं असंच होतं. तुमचं पोट गुबारलं नाही, गुरगुरलं नाही, तर शक्यता अशी आहे की तुमच्या दुसऱ्या गुणसूत्रावर, लॅक्टेजच्या जनुकापासून डीएनएची सुमारे चौदा हजार अक्षरं अलीकडे, एका जागी सी ऐवजी टी आहे. सुमारे तीनशे कोटी अक्षरांमधलं हे एक अक्षर.

कुणा एकाच्या शरीरात ते पहिल्यांदा बदललं. त्याला उत्परिवर्तन म्हणतात. मग ते एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत, एका मुलखातून दुसऱ्या मुलखात, लग्नांतून आणि लग्नाबाहेरच्या संबंधांतूनही सरकत तुमच्यापर्यंत आलं. त्याला जनुकप्रवाह म्हणतात. माणूस घडला तो या दोघांच्या जोडीनं. उत्परिवर्तन नवं काही निर्माण करतं, पण ते जन्मतं तिथेच अडकून पडू शकतं. प्रवाह ते दूरवर नेतो, पण नेण्यासारखं काही मुळात असावं लागतं.

आज तुम्ही या वाटेनं उलटे जाणार आहात, धाराशिव जिल्ह्याच्या मातीवर पाय ठेवून. निघण्याआधी एवढं ध्यानात ठेवा: मागे जाल तशी तुमच्यातली एकेक अक्षरं गळत जातील, कारण ती अजून जन्मलेलीच नसतील. प्रत्येक नव्या बाळात आई-बापांत नसलेली साठ-सत्तर नवी अक्षरं असतात. त्यांतली बहुतेक बापाकडून येतात, आणि बापाचं वय जास्त तेवढी ती जास्त. दुसरं असं की तुमचे पूर्वज पांगत जातील. आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, दहा पिढ्या मागे एक हजार चोवीस जागा. त्या सगळ्या तेरणा नदीच्या काठावर मावणार नाहीत.

पहिला मुक्काम परंड्याचा, 1600 सालचा. अहमदनगर मोगलांच्या हाती गेलंय आणि मलिक अंबरनं दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला इथे गादीवर बसवलंय. अंबर जन्मानं इथिओपियाचा. लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला, आणि आता निजामशाही चालवतोय. आपली मुलगीही तो या शहाला देतो. किल्ल्याच्या तटावर तुम्हांला आणखी हबशी शिपाई दिसतात. त्यांतल्या कितीजणांनी इथेच संसार थाटले, कितीजणांची नातवंडं मराठी बोलू लागली, हे बखरकारांनी लिहून ठेवलं नाही, पण पश्चिम भारतातल्या सिद्दी समाजाच्या डीएनएत आफ्रिका आणि भारत शेजारी-शेजारी वाचता येतात. पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून जी माणसं निघाली, त्यांच्या मागोमाग ही दुसरी खेप, साखळदंडांतून आलेली. प्रवाह नेहमी राजीखुशीनं वाहिला असं समजू नका.

आता एकदम पंधराशे वर्षं ओलांडा आणि तेरला या. इसवी सनाचं पहिलं शतक आहे, गावाचं नाव तगर. आज ज्याला आपण पांढरीचं टेकाड म्हणतो तिथे विटांची घरं आहेत, कापडाचे गठ्ठे आहेत, शंखाच्या बांगड्या कापणारे आहेत. एका हस्तिदंत कोरणाऱ्यापाशी थांबा. त्याच्या मांडीवर वीतभर उंचीची स्त्रीमूर्ती आकार घेतेय, आणि तो तिच्या गळ्यातल्या माळेचा एकेक मणी टोकदार हत्यारानं उठवतोय. तेरला सापडलेली अशी एक मूर्ती तुम्ही गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहिली असेल. तिच्याशी साम्य असलेली दुसरी 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेखालून निघाली, आणि ती राख पडली इसवी सन 79 मध्ये. म्हणजे या बाजूच्या हातांचं काम तेव्हा व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी पोचलं असावं.

ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दींच्या मार्गदर्शिकेत तगरचा उल्लेख आहे. भरुचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथलं कापड, मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराकडे जातं. तुमच्यासमोर अशीच एक तांड्याची रांग जुंपली जातेय. गाड्यांबरोबर माणसंही जातात आणि येतात. जनुकप्रवाह प्रत्यक्षात असाच घडतो: भरुचकडून आलेला गाडीवान तापानं आडवा पडतो, पावसाळा इथेच काढतो, ज्या घरानं पेज पाजली त्या घरचा जावई होतो. दर पिढीला असा एखाददुसरा माणूस आला, तरी दोन दूरच्या वस्त्या जनुकांच्या दृष्टीनं एकमेकींपासून फार लांब जात नाहीत. त्याला मोठी स्वारी लागत नाही, स्थलांतराच्या लाटा लागत नाहीत.

तगरच्या बाजारात चेहऱ्यांकडे नीट पाहून घ्या. परतीच्या वाटेवर आपण इथे पुन्हा थांबणार आहोत.

साडेतीन हजार वर्षांमागे गेलात की तगर नाही. दख्खनच्या नद्यांकाठी जोर्वे संस्कृतीची खेडी आहेत. त्यांतलं सर्वांत नीट उकरलेलं खेडं इनामगाव, घोड नदीकाठचं. माणसं जव पिकवतात, शेळ्या-गुरं पाळतात, रंगवलेली मडकी वापरतात. मूल दगावलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवतात आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरतात. त्या आयांपैकी कुणी तुमची पूर्वज असू शकते.

पण याच सुमाराला तुमचा एक वाटा तुम्हांला सोडून निघतो. पाच हजार वर्षांमागे पाऊल टाका, म्हणजे हे स्पष्ट दिसेल. दख्खनमध्ये तुमचा एक भाग उरलाय: भारतात कित्येक हजार वर्षांपासून राहणारे शिकारी आणि कंदमुळं गोळा करणारे. दुसरा भाग सिंधूच्या खोऱ्यात आहे, इराणच्या पठाराशी जुनं नातं सांगणारा. तिसरा तर व्होल्गा आणि काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ पठारांवर घोडे-गुरं राखतोय, आणि मराठवाडा नावाचा मुलूख त्याच्या स्वप्नातही नाही. या तिघांची भेट अजून व्हायची आहे. तिसरा वायव्येकडून उपखंडात उतरतो तो इसवी सनापूर्वी 2000 ते 1500 या काळात. आज प्रत्येकात या तिघांचं प्रमाण कमी-जास्त आहे, कुणात पहिला वाटा मोठा तर कुणात दुसरा. मिसळ मात्र जवळजवळ सर्वांत आहे.

हे ठरवणं सोपं नव्हतं, कारण आपल्या उष्ण हवेत हाडांतला डीएनए लवकर विरतो. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूनं हरियाणातल्या राखीगढीचे 61 सांगाडे तपासायला दिले, तेव्हा एकाच स्त्रीच्या हाडातून वाचण्याजोगा डीएनए निघाला. ते संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या एका बाईमुळे सिंधू संस्कृतीच्या माणसांचा जनुकीय चेहरा आपल्याला पहिल्यांदा दिसला.

खव्याचा तो गोळा आता आठवा, कारण इथेच कुठेतरी तो पचवण्याची तुमची ताकद गळून पडते. भारतातल्या गुराख्यांत आणि युरोपातल्या गुराख्यांत दूध पचवणारं अक्षर एकच आहे, आणि त्याच्या आजूबाजूची अक्षरांची रांगही तीच आहे. दोन ठिकाणी स्वतंत्रपणे बदल झाला असता तर शेजार वेगळा निघाला असता. म्हणजे हे अक्षर एकदाच जन्मलं आणि दोन्हीकडे वाहत गेलं. भारतात त्याचं प्रमाण वायव्येत जास्त आणि आग्नेयेकडे कमी होत जातं. याउलट अरबस्तानातल्या उंटपाळांत आणि केनिया-टांझानियाच्या गुराख्यांत दूध पचवणारी अक्षरं वेगळी आहेत, त्याच परिसरातली, पण निराळी. तिथे गरज तीच होती, उत्परिवर्तन मात्र स्वतंत्रपणे झालं. निसर्गानं एकच गणित तीनदा सोडवलं, आणि आपण त्यांतलं एक उत्तर वायव्येकडून आलेल्यांकडून घेतलं.

रंगाचंही असंच आहे, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. पंधराव्या गुणसूत्रावर एसएलसी24ए5 नावाचं जनुक आहे. त्याचं महत्त्व 2005 मध्ये झेब्राफिश नावाच्या छोट्या माशावरून कळलं. त्या जनुकात एका जागी जी ऐवजी ए आला की प्रथिनातला 111 वा दुवा बदलतो आणि कातडी उजळते. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या 2013 च्या अभ्यासात दिसलं की भारतीयांतलं आणि युरोपीयांतलं हे अक्षर एकाच मूळ बदलातून आलेलं आहे, आणि तो बदल वीस-तीस हजार वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे एका अनोळखी माणसाच्या अंगात घडलेली नकलेतली एक चूक. आपण त्या चुकीसाठी वधू-वर सूचक फॉर्मवर 'वर्ण' असा रकाना छापला. त्या रकान्यापायी किती मुलींना खाली मान घालून बसावं लागलं, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. आणि त्या अक्षराचा बुद्धीशी, स्वभावाशी, कुळाच्या शुद्धतेशी काडीचाही संबंध नाही. उलट ते अंगात असणं हाच परक्यांशी मिसळल्याचा पुरावा आहे.

पुढे चला, म्हणजे मागे. पंचवीस हजार वर्षं. हिमयुग ऐन भरात आहे. बर्फ दूर उत्तरेत आहे, इथे मात्र हवा कोरडी आहे, पाऊस कमी आहे आणि माळावर गवत आहे. त्या गवतात शहामृग चरतायत. दचकू नका, भारतात शहामृग होते. त्यांच्या अंड्यांच्या जुन्या कवचांतून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी डीएनए काढून ते सिद्धही केलं. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तेव्हा या कवचांचे मणी आणि आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरलेला तुकडा सापडला.

अशाच एका शेकोटीजवळ बसा. एक बाई कवचाचा नखाएवढा तुकडा उचलते. तो दोन बोटांत धरून गारेच्या टोकदार अणीनं मध्ये भोक पाडू लागते. एका बाजूनं अर्धं, मग उलटून दुसऱ्या बाजूनं अर्धं, कारण एकाच बाजूनं दाबलं तर कवच चिरतं. चिरतंच. ती तुकडा टाकून दुसरा घेते. भोक पडलं की कडा दगडावर घासून गोल करते, पुन्हा पुन्हा फिरवून डोळ्यासमोर धरते. तिच्यापुढे फुटक्या तुकड्यांचा ढीग आहे आणि पुरे झालेले मणी थोडे. या बाईत आणि तुमच्यात बुद्धीचा फरक नाही. तिचं बाळ आज तुमच्या घरात वाढलं तर दहावीला तुमच्या पोरांच्या बरोबरीनं बसेल.

आणखी आठ हजार वर्षं मागे जा, म्हणजे सुमारे तेहतीस हजार वर्षांपूर्वी. उपखंडात कुठेतरी एक बाळ जन्माला येतं. त्याच्या अकराव्या गुणसूत्रावर, हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन घडवणाऱ्या एमवायबीपीसी3 या जनुकातून, सलग पंचवीस अक्षरं गळलेली आहेत. त्यामुळे त्या प्रथिनाचं टोक बिघडतं. बाळाला काही होत नाही. ते रांगतं, पळतं, शिकार करतं, त्यालाही मुलं होतात. बिघाड उतारवयाकडे झुकताना जाणवतो: हृदयाचा स्नायू कमजोर होतो, दम लागतो. तोवर अक्षरांची ती उणीव पुढच्या पिढीत गेलेली असते. नैसर्गिक निवड मुलं होण्याआधी मारणाऱ्या दोषाला निर्दयपणे छाटते. मुलं झाल्यावर मारणाऱ्याकडे तिचं लक्षही नसतं. के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये या उणिवेचा हृदयविकाराशी असलेला संबंध दाखवून दिला, तेव्हा आकडा पाहून वैद्यकविश्व हादरलं. दक्षिण आशियात शंभरांत सुमारे चारजण हा दोष बाळगून आहेत. एका बाळापासून कोट्यवधी माणसांपर्यंत. दूध पचवणारं अक्षर ज्या वाटेनं पसरलं, त्याच वाटेनं हेही पसरलं. प्रवाह भलं-बुरं निवडत नाही.

आता तुमच्या सगळ्यांत मोठ्या प्रस्थानाची वेळ झाली. सुमारे पन्नास हजार वर्षांपाशी या, आणि तेरणेकाठी तुमचं असं कुणीच उरत नाही. भारतातल्या सत्तावीसशेहून जास्त लोकांचे संपूर्ण जनुकसंच वाचून 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की आजच्या भारतीयांचा बहुतेक वारसा आफ्रिकेतून साधारण पन्नास हजार वर्षांपूर्वी झालेल्या एकाच मोठ्या स्थलांतराकडे जातो. म्हणून धाराशिवची माती सोडा आणि पश्चिम आशियात या.

इथे तुमचे पूर्वज एकटे नाहीत. कपाळाखाली भुवईचं हाड पुढे आलेली, रुंद छातीची, आखूड हातापायांची माणसं इथल्या डोंगरांत आधीपासून राहतायत, हजारो वर्षांपासून. निअँडरथल. 2024 च्या दोन अभ्यासांनी या भेटीचा काळ सुमारे सत्तेचाळीस हजार वर्षांपूर्वीचा ठरवला, आणि हे मिसळणं एका रात्रीत झालं नाही, काही हजार वर्षं चाललं. गुहेच्या तोंडाशी बसलेल्या एका बाईकडे पाहा. तिच्या कडेवरच्या पोराची हनुवटी तुमच्यासारखी आहे, भुवया तिच्यासारख्या. आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात आज सुमारे दोन टक्के डीएनए त्या डोंगरातल्या लोकांचा आहे, तुमच्यातही आहे. भारतीयांचं वैशिष्ट्य असं की वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळे तुकडे विखुरलेत. ते सगळे एकत्र जोडले तर निअँडरथलांचा जवळपास निम्मा जनुकसंच उभा राहतो.

त्यांतला एक तुकडा तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, सुमारे पन्नास हजार अक्षरांचा. स्वांते पेबो आणि ह्युगो झेबर्ग यांनी 2020 मध्ये दाखवलं की कोविडमध्ये गंभीर आजाराचा धोका वाढवणारा हा तुकडा निअँडरथलांकडून आलाय. युरोपात तो सुमारे सोळा टक्के लोकांत सापडतो, आणि दक्षिण आशियात सुमारे निम्म्यांत. वय, मधुमेह आणि वेळेवर मिळालेली खाट यांचा वाटा मोठा होताच. तरी 2021 च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी गावोगाव धावणाऱ्यांपैकी अनेकांच्या अंगात पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या त्या गुहेचा एक तुकडा होता. पेबो यांना 2022 चं नोबेल मिळालं. त्याच निअँडरथलांनी आपल्याला जंतू ओळखणारी काही जनुकंही दिली. नव्या मुलखातल्या नव्या रोगांसाठी ती त्यांच्यात आधीच घडून तयार होती. उत्परिवर्तनाची वाट पाहत बसलो असतो तर हजारो वर्षं गेली असती. मिसळलो म्हणून ती आयती मिळाली.

तुम्ही तिथे असताना दख्खनमध्ये काय चाललंय? रिकामं नाही ते. चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख उपखंडावर पडली. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरीला असा राखेचा थर आहे. तो टोबाचा की त्याहून जुन्या उद्रेकाचा, यावर अभ्यासक अजून भांडतात. आंध्रातल्या ज्वालापुरमला राखेखाली आणि राखेवर, दोन्हीकडे दगडी हत्यारं मिळाली. कुणीतरी इथे राहत होतं. त्याहून मागे गेलं तर धाराशिवच्या दक्षिणेला, कर्नाटकातल्या हुणसगी खोऱ्यात, इसामपूरला सुमारे बारा लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडी के. पद्दय्या यांनी शोधल्या. नर्मदेकाठी हथनोऱ्याला 5 डिसेंबर 1982 रोजी अरुण सोनकिया यांना आदिम मानवाच्या कवटीचा वरचा भाग सापडला. मांजरा खोऱ्यातल्या गाळात हत्तींची आणि रानगुरांची अश्मीभूत हाडं आहेत. त्या जनावरांमागे फिरणाऱ्या माणसांचा वारसा तुमच्यात असलाच तर नगण्य आहे. ही माती आधी त्यांची होती.

शेवटचा टप्पा आफ्रिका, तीन लाख वर्षांमागची. मोरोक्कोत जेबेल इर्हूदला आपल्यासारख्या चेहऱ्याची आणि जुन्या घडणीच्या लांबट कवटीची माणसं आहेत. इथिओपियात ओमो नदीकाठी थोड्या नंतरची, जास्त गोल डोक्याची. तुम्ही म्हणाल, यांतलं माझं गाव कोणतं? एकच नाही. आज बहुतेक अभ्यासकांना पटलेलं चित्र असं की आफ्रिकेत अनेक समूह दूरदूर वसलेले होते. वाळवंट पसरलं की तुटायचे, पाऊस आला की भेटायचे. एकीकडे हनुवटी, दुसरीकडे गोल कवटी, असं सुटं सुटं जन्मलं आणि भेटीगाठींतून एका शरीरात आलं. एका आदम-हव्वेचा शोध इथे संपतो. मूळपुरुष म्हणून बोट दाखवावं असा एक माणूस नाही की एक जमात नाही.

परत फिरा. वाटेत न थांबता थेट तगरला या, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. बाजार तसाच आहे, हस्तिदंतवाला आता म्हातारा झालाय, किंवा त्याचा नातू बसलाय. पण काहीतरी बदलतंय. भारतातल्या सत्तरहून अधिक समूहांचा डीएनए तपासून प्रिया मूर्जानी, थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की उपखंडात मोठ्या प्रमाणावर मिसळणं झालं ते साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वी. त्या काळात भिल्लांपासून उच्चवर्णीय म्हणवणाऱ्यांपर्यंत सगळे एकमेकांत मिसळले. आणि मग ते थांबलं. जातीबाहेर मुलगी द्यायची नाही, आणायची नाही, हा नियम घट्ट झाला तो या सुमाराला. तगरच्या गाड्या अजून भरुचला जातात, कापड अजून समुद्रापार जातं, पण आता गाडीवान पावसाळाभर ज्या घरी राहिला त्या घरचा जावई होत नाही. हजारो वर्षं वाहिलेला प्रवाह आटतो आणि त्याची सुटी सुटी डबकी होतात.

उत्परिवर्तन मात्र थांबत नाही. बाळागणिक साठ-सत्तर अक्षरं बदलतच राहतात. त्यांतलं एखादं वाईट अक्षर मोठ्या, मोकळ्या समाजात विरळ होतं, कारण त्याची जोडी जुळायला दोन्हीकडून तेच अक्षर यावं लागतं. बंद समाजात ते पुन्हा पुन्हा स्वतःलाच भेटतं. 2017 मध्ये दक्षिण आशियातल्या 260 हून अधिक समूहांचा अभ्यास झाला, तेव्हा 81 समूह इतके आतल्या आत वाढलेले निघाले की आनुवंशिक आजारांसाठी जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षा त्यांचा मूळ घेर लहान ठरला. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारं एक नेहमीचं औषध काहींना सोसत नाही, हे भूलतज्ज्ञांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यामागचं अक्षर आता सापडलंय. यात त्या समाजाचा दोष नाही. हे दार लावण्याचं फळ आहे, आणि वेगवेगळ्या रूपात ते जवळपास प्रत्येक जातीच्या वाट्याला आलंय.

मराठवाड्यात त्यावर आणखी एक पदर आहे. मामाची मुलगी हक्काची मानली जाते, कर्नाटकाच्या सीमेकडे बहिणीची मुलगीही केली जाते. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर होणाऱ्या मुलात सरासरी सोळापैकी एक वाटा जनुकं दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाकडून आलेली, अगदी सारखी असतात. सख्ख्या मामा-भाचीच्या लग्नात आठपैकी एक. घरची मुलगी घरात राहिली, जमीन वाटली गेली नाही, सासू म्हणजे आत्याच, हे समाधान मी समजू शकतो. पण जन्मतःच मुका-बहिरा असलेला किंवा वर्षा-दोन वर्षांत हातपाय गळून बसलेला नातू कडेवर घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या आजीला हे समाधान पुरत नाही.

म्हणून विनंती एवढीच. येत्या लग्नसराईत स्थळ पाहायला निघालात तर नात्यातलं शक्यतो टाळा, आणि जातीबाहेरचं आलं तर दार लावू नका. मुला-मुलीच्या रक्ताची सिकल सेल आणि थॅलेसेमियाची तपासणी लग्नाआधी करून घ्या. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक बाळाला चारात एक एवढा धोका असतो, आणि डॉक्टरांचा सल्ला आधी घेतलेला बरा. घरात पन्नाशीच्या आत कुणी हृदय थकून किंवा अचानक गेलं असेल, तर त्यांच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांची इको तपासणी एकदा करा.